सुझोऊहून चाकणला आलेले पत्र: ‘विचारणे’ या अर्थाची इंग्रजी क्रियापदे आणि चिनीभाषक विद्यार्थी

हे प्रकरण इंग्रजीच्या शिक्षकांबरोबर चर्चेसाठी रचलेले आहे. त्यातील व्यक्ती आणि कंपन्या काल्पनिक आहेत. पत्रातल्या चुका मात्र चिनी मातृभाषा असलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनात नेहमी आढळणाऱ्या आहेत, आणि त्या एकाच पत्रात शेजारी शेजारी ठेवल्या की त्यांच्यामागची कारणे वेगवेगळी असल्याचे लक्षात येते.

शांघायजवळच्या सुझोऊ शहरातील एक कारखाना यंत्रांचे सुटे भाग बनवतो. ते न्हावा शेवा बंदरात उतरतात आणि पुण्याजवळच्या चाकण येथील एका कंपनीकडे जातात. एका खेपेतील भागांवर गंज आढळला, म्हणून चाकणच्या कंपनीने तपासणी अहवाल पाठवून भरपाई मागितली. सुझोऊच्या कंपनीचा प्रतिनिधी चाकणला येऊन गोदाम पाहून गेला आणि तिथल्या स्टोअर्सच्या अभियंत्याशी बोलला. त्यानंतर पुढचे पत्र लिहिण्याचे काम निर्यात विभागातील एका कर्मचारी महिलेकडे आले. तिचे इंग्रजी कच्चे नाही. चीनमध्ये 1987 पासून घेतली जाणारी ‘कॉलेज इंग्लिश टेस्ट’ तिने विद्यापीठात असताना चांगल्या गुणांनी पार केली आहे, आणि तिचा शब्दसंग्रह तिच्या बहुतेक सहकाऱ्यांपेक्षा मोठा आहे. ही गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण या प्रकरणातील बिघाड शब्द कमी पडल्यामुळे झालेला नाही.

तिने लिहिलेला मजकूर असा होता: “लास्ट वीक अवर कलीग इंटरॉगेटेड युअर स्टोअर इंजिनिअर अबाउट द पॅकिंग. ही आस्क्ड टू हिम व्हेन डिड द बॉक्सेस ओपन. वी क्वेश्चन युअर इन्स्पेक्शन रिपोर्ट अँड डिमांड यू टू सेंड द फोटोज. आय ऑल्सो वाँट टू इन्क्वायर यू अबाउट द ह्युमिडिटी इन द स्टोअर. इफ यू हॅव एनी प्रॉब्लेम, प्लीज आस्क मी.”

तिच्या मनातले पत्र मराठीत मांडायचे तर असे होते: आमच्या सहकाऱ्याने आपल्या अभियंत्याकडे बांधणीविषयी विचारणा केली, खोकी कधी उघडली हे विचारले, अहवालाबाबत आमचे काही प्रश्न आहेत, छायाचित्रे पाठवावीत अशी विनंती आहे, गोदामातील आर्द्रतेविषयीही माहिती हवी आहे, आणि आपणांस काही विचारायचे असल्यास जरूर कळवावे. चाकणच्या खरेदी व्यवस्थापकाने वाचलेले पत्र निराळे होते. आमच्या माणसाने तुमच्या अभियंत्याची झाडाझडती घेतली, तुमच्या अहवालावर आमचा विश्वास नाही, फोटो पाठवलेच पाहिजेत, आणि तुम्हाला काही अडचण असेल तर माझ्याशी बोला, असा त्याचा सूर त्यांना जाणवला. त्यांनी उलटटपाली दोनच वाक्ये लिहिली: “अवर इंजिनिअर इज नॉट अ‍ॅन अ‍ॅक्यूज्ड. वी ऑल्सो हॅव सर्टन डाउट्स अबाउट युअर पॅकिंग, काइंडली क्लिअर द सेम.” हे उत्तर वाचून सुझोऊच्या कार्यालयात समजूत झाली की समोरचा पक्ष आपल्यावर लबाडीचा संशय घेत आहे. गंजाचा विषय बाजूला पडला आणि भरपाईची बोलणी थांबली.

कंपनीत संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेणाऱ्या शिक्षकाकडे ही दोन्ही पत्रे आली. प्रकरणाचा पुढचा भाग त्याने काय पाहिले आणि काय केले याविषयी आहे.

सर्वांत जास्त इजा ज्या शब्दाने केली तो ‘इंटरॉगेट’ तिथे आला कसा, हे आधी पाहू. चिनी भाषेत विचारण्यासाठी मूळ शब्द एकच आहे: ‘वन’. त्याचे अक्षर दाराच्या चौकटीत तोंड अशा आकाराचे असते. चौकटीवरून उच्चार कळतो आणि तोंडावरून अर्थ. या एका अक्षराला दुसरे अक्षर जोडून कोण कोणाला, कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या भावनेने विचारतो हे चिनी भाषा दाखवते. ‘छिंग-वन’ म्हणजे नम्रपणे विचारणे, ‘झुई-वन’ म्हणजे पाठपुरावा करत विचारणे, ‘झी-वन’ म्हणजे जाब विचारणे, ‘शन-वन’ म्हणजे कोठडीत किंवा न्यायालयात आरोपीची चौकशी करणे, ‘वन-होऊ’ म्हणजे ख्यालीखुशाली विचारणे. आपल्यापेक्षा लहान किंवा कमी शिकलेल्या माणसाला विचारण्यात कमीपणा मानू नये, या अर्थाच्या जुन्या चार अक्षरी चिनी म्हणीत तर ‘खाली विचारणे’ असाच शब्द आहे. म्हणजे विचारण्याची दिशासुद्धा शब्दात बसवलेली असते.

आता या मालिकेतील दोन शब्द देवनागरीत लिहिले तर अगदी सारखे दिसतात, कारण देवनागरीत चिनी भाषेतील स्वरांची चढउतार दाखवता येत नाही. दोन्ही ‘श्युन-वन’. पहिल्याचा सूर चढत जातो आणि दुसऱ्याचा झपकन खाली येतो. दोन्हींच्या पहिल्या अक्षरात डावीकडे बोलण्याचे एकच चिन्ह असते, फक्त उजवा भाग बदलतो. पहिला शब्द माहिती विचारण्याचा आहे आणि दुसरा चौकशी अधिकाऱ्याचा. चीनच्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात, जो 1979 मध्ये आला आणि 1996, 2012 व 2018 मध्ये सुधारला गेला, हा भेद काटेकोरपणे पाळलेला आहे. साक्षीदाराला आणि पीडिताला विचारले जाते तेव्हा पहिला शब्द वापरतात, तर संशयिताला आणि आरोपीला विचारले जाते तेव्हा दुसरा. संशयिताला विचारताना किमान दोन तपास अधिकारी हजर असले पाहिजेत, आणि प्रत्येक साक्षीदाराला स्वतंत्रपणे विचारले पाहिजे, असे नियमही या दोन वेगळ्या शब्दांभोवतीच मांडलेले आहेत. आपल्याकडे पोलीस साक्षीदाराचा ‘जबाब नोंदवतात’ आणि संशयिताची ‘चौकशी करतात’, त्याच्या जवळ जाणारा हा भेद आहे.

सुझोऊच्या त्या महिलेला हा फरक ठाऊक नव्हता असे नाही. चिनीत लिहिताना तिने अचूक शब्द वापरला असता. अडचण संगणकावर आली. चिनी अक्षरे टंकताना बहुतेक लोक 1958 मध्ये स्वीकारलेल्या पिन्-यिन या रोमन लिपीतील पद्धतीने उच्चार टंकतात. त्यात सूर द्यावा लागत नाही, आणि समोर येणाऱ्या यादीतून अक्षरे निवडायची असतात. ‘श्युन-वन’ टंकले की दोन्ही शब्द यादीत येतात. तिने घाईत दुसरा निवडला आणि द्वैभाषिक कोशाने त्याच्यासमोर ‘इंटरॉगेट’ असे दिले. कोशाचे उत्तर त्या शब्दापुरते बरोबर होते.

पण घाईतली ही निवड म्हणजे निम्मेच स्पष्टीकरण आहे, आणि शिक्षकाने तिथेच थांबू नये असे मला ठामपणे वाटते. इंग्रजी शब्द समोर आल्यावर तिला तो खटकला का नाही? ‘आस्क’ हा शब्द तिला शाळेच्या पहिल्या वर्षांपासून येत होता, मग तिने कोश उघडलाच कशाला? याचे कारण चिनी लेखनाच्या सवयीत आहे. बोलण्यात एकाक्षरी ‘वन’ चालतो. औपचारिक लेखनात मात्र दोन अक्षरी शब्द अधिक भारदस्त वाटतो, आणि कार्यालयीन पत्रात नुसते ‘वन’ लिहिणे चिनी वाचकाला उघडे पडल्यासारखे वाटते. त्यात परीक्षेची शिकवण भर घालते. इंग्रजी निबंधात साधा शब्द काढून त्याच्या जागी ‘वरच्या दर्जाचा’ शब्द घालावा, त्याने गुण वाढतात, हा सल्ला चीनमधील विद्यार्थ्यांना शिकवणीपासून विद्यापीठापर्यंत मिळत राहतो. या दोन सवयी एकत्र आल्या की ‘आस्क’ हा शब्द पोरकट वाटू लागतो आणि हात आपोआप लांब, लॅटिन वळणाच्या क्रियापदाकडे जातो.

इंग्रजीत ही पायरी तशी नाही. ‘आस्क’ हा जुन्या इंग्रजीतला, मातीतला शब्द आहे. 1066 च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच आणि लॅटिनमधून जे शब्द आले, त्यांत ‘क्वेश्चन’, ‘इन्क्वायर’, ‘रिक्वेस्ट’ आणि नंतरचा ‘क्वेरी’ हे सगळे ‘शोधणे, मागणे’ अशा अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून निघालेले आहेत, तर ‘इंटरॉगेट’ दुसऱ्या धातूपासून. नवे शब्द न्यायालयात, चर्चमध्ये आणि कचेरीत रुजले व प्रत्येकाने एकेक अरुंद काम घेतले. ‘आस्क’ मात्र स्वयंपाकघरापासून संसदेपर्यंत सर्वत्र राहिला. पंतप्रधानांना विचारलेला प्रश्नही ‘आस्क’च केला जातो. त्यामुळे त्याच्याऐवजी लांब क्रियापद घातले की पत्राचा दर्जा वाढत नाही, प्रसंगच बदलतो. ‘इंटरॉगेट’ म्हटले की ज्याला विचारले जात आहे तो उठून जाऊ शकत नाही, उत्तर टाळले तर त्याचे परिणाम होतील, आणि विचारणे दीर्घ व दबावाचे आहे, हे सगळे चित्र येते. अमेरिकेत 1966 च्या मिरांडा खटल्यातील निकाल ‘कस्टोडियल इंटरॉगेशन’ म्हणजे ताब्यातील माणसाच्या चौकशीविषयीच होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1984 चा ‘पोलीस अँड क्रिमिनल एव्हिडन्स अ‍ॅक्ट’ आल्यानंतर संशयिताच्या बाबतीतही अधिकृत नियमावलीत ‘इंटरव्ह्यू’ हा सौम्य शब्द वापरला जातो. पोलिसांनीही जो शब्द जपून वापरावा, तो पुरवठादाराच्या पत्रात आल्यावर चाकणचे व्यवस्थापक दुखावले, यात त्यांचे काहीच चुकले नाही. माहितीसाठ्याला संगणकाने ‘इंटरॉगेट’ करणे हा तांत्रिक वापर तेवढा निरुपद्रवी आहे, आणि कारखान्यातील विद्यार्थ्यांना तोच आधी भेटलेला असतो, ही गोष्ट शिक्षकाने ध्यानात ठेवावी.

दुसरा घाव ‘वी क्वेश्चन युअर रिपोर्ट’ या वाक्याचा होता. इथे शब्द चुकीच्या यादीतून आलेला नाही. ‘क्वेश्चन’ हे नाम तिला पक्के येत होते, आणि इंग्रजीत नाम तसेच क्रियापद म्हणून वापरता येते हेही तिला माहीत होते. म्हणून ‘आमचे प्रश्न आहेत’ हे तिने एका क्रियापदात बसवले. पण या क्रियापदाचे कर्म माणूस असते तेव्हा ‘प्रश्नांची सरबत्ती करणे, विचारपूस करणे’ असा अर्थ होतो, आणि कर्म वस्तू, निर्णय किंवा अहवाल असतो तेव्हा ‘त्याच्या खरेपणावर शंका घेणे’ असा होतो. पत्रकार मंत्र्याला क्वेश्चन करतात म्हणजे प्रश्न विचारतात. मंत्र्याच्या प्रामाणिकपणाला क्वेश्चन करतात तेव्हा त्यावर बोट ठेवतात. चिनीत या दोन गोष्टींना स्वतंत्र शब्द असल्यामुळे कर्म पाहून अर्थ ठरवण्याची सवय विद्यार्थ्याला नसते, आणि ती मुद्दाम लावावी लागते.

याच ठिकाणी चाकणच्या व्यवस्थापकांचे उत्तरही तपासले पाहिजे, कारण नुकसान दोन्ही बाजूंनी झाले. “वी हॅव सर्टन डाउट्स” असे त्यांनी लिहिले तेव्हा त्यांना म्हणायचे होते की आमच्या काही शंका आहेत, त्यांचे निरसन करावे. मराठीत शंका म्हणजे संशयही आणि वर्गात हात वर करून विचारायचा प्रश्नही. भारतीय इंग्रजीत ‘डाउट’ हा दुसऱ्या अर्थाने सर्रास वापरला जातो, शिकवणीच्या वर्गांच्या जाहिरातींतही तो तसाच असतो. चिनी भाषेतही ‘यी-वन’ हा शब्द नेमका असाच दुहेरी आहे: शंका आणि प्रश्न. म्हणजे दोन्ही पक्षांच्या मातृभाषेत एकच सोय होती. इंग्रजीत मात्र ती सोय नाही. सुझोऊच्या महिलेने ‘डाउट’ हा शब्द शाळेत ‘ह्वाय-यी’ म्हणजे संशय घेणे, या अर्थाने शिकलेला होता, आणि त्याच अर्थाने तो वाचला. दोघांनी आपापल्या भाषेत पत्रे लिहिली असती आणि एखाद्या जाणकाराने भाषांतर केले असते, तर बोलणी थांबली नसती. ‘ह्वाय-यी’विषयी एक जोड सांगायला हवी. ‘तो चोर असावा असा संशय आहे’ आणि ‘तो चोर असेल असे वाटत नाही’ या दोन उलट गोष्टींसाठी चिनी विद्यार्थी ‘डाउट’च वापरतात. पहिल्यासाठी ‘सस्पेक्ट’ लागतो, आणि तक्रारीच्या पत्रात ही चूक फार महागात पडू शकते.

‘डिमांड’ची कथा थोडक्यात सांगता येते. चिनी ‘याओ-छ्यू’ हा शब्द अपेक्षा, अट, विनंती आणि मागणी या सगळ्यांवर पसरलेला आहे. ग्राहकाच्या गरजा, नोकरीसाठीची पात्रता आणि वरिष्ठांचा आदेश या सर्वांना तो चालतो. कोशात त्याच्यासमोर ‘डिमांड’ येतो, आणि तो आपल्या ‘मागणी’पेक्षा कितीतरी कडक आहे. शिवाय चिनीत क्रियापद, मग माणूस, मग त्याने करायचे काम असा क्रम सरळ लागतो, तर इंग्रजीत ‘डिमांड’नंतर माणूस आणि क्रिया अशी जोडणी होतच नाही. ‘आस्क’, ‘रिक्वेस्ट’ आणि ‘रिक्वायर’ यांच्यानंतर ती होते. तोच दोष ‘इन्क्वायर यू’मध्ये आहे. चिनी क्रियापद माणसाला सरळ कर्म म्हणून घेते, इंग्रजी ‘इन्क्वायर’ घेत नाही. ते विषयाला ‘अबाउट’ने, चौकशी समितीच्या कामाला ‘इंटू’ने आणि प्रकृतीच्या विचारपुशीला ‘आफ्टर’ने जोडले जाते. माणसाला जोडण्यासाठी ‘ऑफ’ आहे, पण तो आज इतका ताठ वाटतो की विद्यार्थ्याला न शिकवलेला बरा.

‘आस्क्ड टू हिम’ ही चूक वाचून मराठी वाचकाला नवल वाटणार नाही, कारण आपणही ‘त्याला विचारले’ यातील ‘ला’ इंग्रजीत नेतो. चिनीत नुसत्या ‘वन’ला असा प्रत्यय लागत नाही, पण ‘प्रश्न मांडणे’ आणि ‘माहिती काढणे’ या अर्थाच्या शब्दांबरोबर ‘श्यांग’ हे ‘च्याकडे’ अशा अर्थाचे अक्षर लागते, आणि ते इंग्रजीत ‘टू’ होऊन येते. त्यापुढचे ‘व्हेन डिड द बॉक्सेस ओपन’ अधिक विचार करण्यासारखे आहे. प्रथमदर्शनी ही मातृभाषेची छाप वाटते, पण ती नाही. चिनीत प्रश्न सरळ असो की वाक्याच्या पोटात असो, शब्दांचा क्रम हलत नाही. ‘कधी’ जिथे असायचा तिथेच राहतो. सुझोऊच्या महिलेने चिनी क्रम तसाच उतरवला असता तर वाक्य बरोबरच्या अधिक जवळ गेले असते. तिने इंग्रजीचा नवा शिकलेला नियम, म्हणजे प्रश्नात सहायक क्रियापद पुढे आणण्याचा नियम, जिथे नको तिथेही लावला. मराठी विद्यार्थी हीच चूक याच कारणाने करतात. म्हणून इथे ‘चिनीत विचार करू नका’ असे सांगणे उलट नुकसान करते. पोटातल्या प्रश्नात क्रम हलवू नका, तुमच्या भाषेत जसा राहतो तसाच राहू द्या, असे सांगितले की नियम चटकन बसतो. हो किंवा नाही अशा उत्तराच्या प्रश्नांसाठीही चिनीची मदत होते. त्या भाषेत पोटातल्या प्रश्नात ‘का’सारखे ‘मा’ हे प्रश्नाक्षर चालत नाही, ‘येतो-न-येतो’ अशी जोडी लागते, आणि जिथे ती जोडी येते तिथे इंग्रजीत ‘व्हेदर’ घालायचा.

पत्राचे शेवटचे वाक्य सर्वांत चांगल्या भावनेने लिहिलेले होते. चिनी ‘वन-थी’ म्हणजे प्रश्न, आणि तोच शब्द समस्येलाही. ‘काही वन-थी असल्यास मला विचारा’ हे चिनी पत्राचे नेहमीचे सौजन्यपूर्ण वाक्य इंग्रजीत ‘प्रॉब्लेम’ झाले आणि आधीच्या चार वाक्यांच्या सुरात मिसळून गेले.

शिक्षकाने काय केले, तर प्रथम सर्व क्रियापदे काढून टाकली आणि त्या जागी फक्त ‘आस्क’ वापरून पत्र पुन्हा लिहायला सांगितले. मला ही पायरी सर्वांत मोलाची वाटते. बहुतेक पुस्तके ‘आस्क’पासून सुरुवात करून त्याचे समानार्थी शब्द वाढवत नेतात. चिनी विद्यार्थ्याला उलट दिशेची गरज असते, कारण त्याला ‘आस्क’ पूर्ण कधी शिकवलेलाच नसतो. तो ‘आस्क’ म्हणजे ‘वन’ असे धरून चालतो. पण इंग्रजी ‘आस्क’ प्रश्न विचारतो, पैसे मागतो, काम करायला सांगतो आणि जेवायला बोलावतोही. मराठीत या चार कामांना विचारणे, मागणे, सांगणे, बोलावणे असे चार शब्द आहेत. चिनीतही प्रश्नाला ‘वन’, मागण्याला ‘याओ’, विनंतीला आणि आमंत्रणाला ‘छिंग’ अशी विभागणी आहे, आणि पैसे मागायचे असतील तर ‘वन’ला ‘याओ’ची जोड द्यावीच लागते. मराठी जाणणाऱ्या शिक्षकाला हा आडाखा आयता मिळतो, कारण आपल्या आणि चिनी भाषेची कापणी जवळपास एकाच रेषेवर झालेली आहे. ‘आस्क’नंतर नुसता माणूस, माणूस आणि प्रश्न, ‘फॉर’ आणि वस्तू, माणूस आणि ‘टू’ जोडलेली क्रिया, या चार मांडण्या हाताखालून गेल्या की पत्रातील निम्म्या चुका आपोआप नाहीशा होतात.

त्यानंतर त्याने जड क्रियापदे परत आणली, पण अर्थाची यादी देऊन नाही. प्रत्येकाविषयी वर्गाला विचारले: ज्याला विचारले जाते तो उत्तर द्यायला बांधील आहे का, आणि कर्माच्या जागी माणूस बसतो की वस्तू? पहिल्या प्रश्नाला चिनी विद्यार्थी फार चांगले उत्तर देतात, कारण त्यांच्या भाषेने त्यांना तीच गोष्ट शब्दागणिक तोलायला शिकवलेले असते. ‘इंटरॉगेट’समोर त्यांनी स्वतःच ‘शन-वन’ लिहिले. ‘डिमांड टू नो’ची जागा ‘झी-वन’जवळ आहे, म्हणजे आपले ‘जाब विचारणे’, हेही त्यांनीच सांगितले. न्यायालयातील ‘क्रॉस-एक्झामिन’ला आपल्याकडे उलटतपासणी हा नेमका शब्द आहे, चिनीत त्याच्या आसपास ‘फान-वन’ येतो, पण तो रस्त्यावरच्या पोलिसालाही चालतो, हा फरक चर्चेत निघाला. वडीलधाऱ्याकडे किंवा जाणकाराकडे आदराने विचारण्यासाठीचा ‘छिंग-ज्याओ’, म्हणजे ‘शिकवावे अशी विनंती करणे’, याला मात्र इंग्रजीत क्रियापदच नाही. कोशातील ‘कन्सल्ट’ घेऊन विद्यार्थी ‘आय वाँट टू कन्सल्ट यू अ क्वेश्चन’ असे लिहितात. तिथे ‘आस्क फॉर युअर अ‍ॅडव्हाइस’ म्हणजे सल्ला मागणे, एवढ्यावर समाधान मानावे लागते. आदर क्रियापदात न बसवता वाक्याच्या रचनेत बसवायचा, ही गोष्ट त्या विद्यार्थ्यांना सर्वांत अनोळखी वाटली, आणि शिक्षकाने तिच्यावर बराच वेळ दिला.

अखेरचे पत्र असे झाले: “लास्ट वीक अवर कलीग आस्क्ड युअर स्टोअर इंजिनिअर अ फ्यू क्वेश्चन्स अबाउट द पॅकिंग अँड व्हेन द बॉक्सेस हॅड बीन ओपन्ड. वी हॅव अ फ्यू क्वेश्चन्स अबाउट द इन्स्पेक्शन रिपोर्ट. कुड यू प्लीज सेंड अस द फोटोज? वी वुड ऑल्सो लाइक टू नो हाउ ह्युमिड द स्टोअर इज. इफ यू हॅव एनी क्वेश्चन्स, प्लीज लेट मी नो.” पाच वाक्यांत विचारण्याचे क्रियापद एकदाच आले आहे आणि ते ‘आस्क’ आहे. छायाचित्रांची विनंती प्रश्नाच्या रूपात गेली, जशी आपण ‘पाठवाल का?’ अशी करतो. आर्द्रतेची चौकशी ‘जाणून घ्यायला आवडेल’ या रूपात गेली. पत्राआधी एक स्वतंत्र वाक्य जोडले गेले की आधीच्या पत्रातील एक शब्द चुकीचा वापरला गेला होता व अभियंत्यांनी दिलेल्या सहकार्याबद्दल आम्ही आभारी आहोत. चाकणहून छायाचित्रे आली, आणि बोलणी गंजाच्या विषयावर परतली.

अशी तयार वाक्ये पाठ करून दिली तर काम लवकर होते, असे काही शिक्षक म्हणतील, आणि पुढच्या आठवड्यात पत्र पाठवायचे असेल तर तेही करावे. पण व्यापारात कडक बोलण्याची वेळही येते, आणि तेव्हा सौम्य वाक्यांचा साठा पुरत नाही. याच प्रकरणात पुढे चाकणच्या कंपनीने जी वजावटीची नोंद पाठवली तिच्यात एक रक्कम दोनदा धरली होती. त्या वेळी सुझोऊच्या महिलेने लिहिले की आम्ही तिसऱ्या ओळीतील रक्कम ‘क्वेरी’ करू इच्छितो. हे क्रियापद तिथे अगदी योग्य होते. हिशेबातील आकडा तपासून पाहावा असे त्यातून कळते, समोरच्याच्या हेतूवर काही म्हटले जात नाही, आणि ‘क्वेश्चन’पेक्षा ते मवाळ आहे.

त्याच पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात मात्र ‘इन्क्वायर यू’ पुन्हा आले होते. शब्दाचे वजन एकदा समजले की विद्यार्थी ते सहसा विसरत नाही, पण शब्दापुढे काय जोडायचे याची सवय हाताला असते आणि ती समजावून बदलत नाही. शिक्षकाने त्यापुढच्या वर्गांसाठी तिला ‘इन्क्वायर’ वापरायला बंदी केली, त्याऐवजी ‘आस्क यू अबाउट’ लिहायला लावले, आणि ‘इन्क्वायर अबाउट’ ही जोडी येणाऱ्या पत्रांत दिसेल तिथे अधोरेखित करून एका वहीत उतरवून घेण्याचे काम दिले.